भौतिकशास्त्राचं व्याख्यान ठेवा, पण ‘सोपं करून सांगा’ म्हणू नका

इंदूरमधली मराठी मंडळं, वाचनालयं आणि व्याख्यानमाला चालवणाऱ्या समित्यांच्या पदाधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या हंगामाचे वक्ते ठरवायला तुम्ही बसाल तेव्हा हे पत्र समोर असावं, म्हणून आत्ताच लिहिते आहे. मागणी एकच आहे. वर्षातली एक संध्याकाळ भौतिकशास्त्राला द्या. आणि ती देताना वक्त्याला फोनवर “जरा सोपं, हलकंफुलकं ठेवा, आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी जास्त असतात” असं सांगू नका. त्याऐवजी एवढंच म्हणा, “जे सांगाल ते कळलं कसं, तेही सांगा.”

मी शास्त्रज्ञ नाही. नोकरीची सगळी वर्षं एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक म्हणून गेली. तारा जोडायच्या, भिंगं पुसायची, सोडियमचा दिवा तापेपर्यंत थांबायचं, प्रॅक्टिकलच्या दिवशी पोरांनी उडवलेले फ्यूज बदलायचे. त्यामुळे भाषणापेक्षा टेबलावर काय घडतं आहे याकडे माझं लक्ष आधी जातं. निवृत्तीनंतर शहरातली जमतील तेवढी व्याख्यानं ऐकते. शिवचरित्र ऐकलं, मधुमेह ऐकला, ‘आनंदी जीवनाची सूत्रं’ तर इतक्यांदा ऐकली की आता मीच देऊ शकेन. विज्ञान येतं ते बहुतेक ‘विज्ञान आणि अध्यात्म’ या जोडगोळीतून, आणि तिथे क्वांटम हा शब्द तोंडी लावायला असतो.

बरं, वक्ते आणायचे कुठून ही अडचण दुसऱ्या गावाला असेल, आपल्याला नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ती आपली गत आहे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याच्या भाड्यापायी वर्गणी वाढवायची, आणि इथे राजेंद्रनगरच्या पुढे सुखनिवासच्या बाजूला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र उभं आहे. १९८४ साली त्याची पायाभरणी झाली, २००५ मध्ये अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचं नाव मिळालं. जुनी माणसं अजून ‘कॅट’च म्हणतात, आधीच्या ‘सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी’ या नावावरून. आत इंडस-२ नावाचं कडं आहे, घेर सुमारे १७२ मीटर. त्यात इलेक्ट्रॉन फिरतात, अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे.

आता हे व्याख्यानात कसं सांगितलं जातं पाहा. “इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात.” सभागृह म्हणतं, अबब. संपलं. घरी जाताना हातात काय? काही नाही. हीच गोष्ट “कळलं कसं” या वाटेने सांगून बघा. शाळेत शिकवलेल्या न्यूटनच्या सूत्रात ही ऊर्जा घातली, तर इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या जवळपास ९९ पट येतो. आइन्स्टाईनच्या सूत्रात घातली, तर प्रकाशापेक्षा सेकंदाला साधारण ६ मीटरने कमी. म्हणजे प्रकाश त्या इलेक्ट्रॉनच्या पुढे जातो तो फक्त सायकलच्या वेगाने. दोन सूत्रं, दोन उत्तरं, आणि फरक इतका की दोघांपैकी एक साफ चूक असलंच पाहिजे. मग निवाडा कोण करणार? ते कडंच करतं. फिरताना इलेक्ट्रॉनची ऊर्जा प्रकाशाच्या रूपात गळत असते, ती भरून काढायला दर फेरीला त्यांना विजेचा धक्का द्यावा लागतो. हा धक्का देणारं क्षेत्र सेकंदाला ५० कोटींहून जास्त वेळा उलटसुलट होतं, आणि त्याची लय बांधलेली आहे ती इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला १७ लाखांवर फेऱ्या मारतात हे धरून. न्यूटन बरोबर असता तर धक्का भलत्या वेळी बसून सगळी धार कड्याच्या भिंतीवर आपटली असती. ती टिकते आहे. आपल्या शहराच्या कडेला, एबी रोडवरच्या ट्रकांपासून हाकेच्या अंतरावर, सापेक्षतेची परीक्षा चालू असते आणि ती रोज पास होते.

हे समजायला कुठलं गणित लागलं? एक भागाकार, प्रकाशाचा वेग भागिले कड्याचा घेर. ज्येष्ठांना झेपणार नाही असं यात काय आहे, मला खरंच कळत नाही. आपल्या ज्येष्ठांनी आयुष्यभर बँकेत, मिलमध्ये, रेल्वेत, पोस्टात आकडेच सांभाळले आहेत.

आणि कॅट एकटं नाही. खंडवा रोडला विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएई कन्सॉर्टियमच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संस्थेच्या, प्रयोगशाळेत द्रव हेलियम वापरतात, उणे २६९ अंशांचं. सिमरोलला आयआयटी आहे. होळकर सायन्स कॉलेज तर १८९१ पासूनचं. या सगळ्यांत मराठी बोलणारी माणसं आहेत, त्यांची मुलं आपल्याच गणेशोत्सवात नाटकं करतात. त्यांना सहसा कोणी विचारतच नाही.

विचारलं तेव्हा काय झालं तेही सांगते. मंडळाचं नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी प्रयोगांसह व्याख्यान होतं, वेळ सात ते साडेआठ. नमनाला घडाभर तेल गेलं. दीपप्रज्वलन, शारदास्तवन, स्वागत, मग वक्त्यांचा परिचय, त्यात त्यांचे शोधनिबंध किती नि कुठल्या देशांत गेले ते सगळं वाचून. शाल, श्रीफळ. मग कोषाध्यक्षांचं थकलेल्या वर्गणीबद्दल निवेदन. वक्ते उभे राहिले तेव्हा आठला काही मिनिटंच कमी होती.

त्यांनी मीटरभर लांबीची तांब्याची नळी आणली होती आणि सुपारीएवढं निओडायमियमचं चुंबक. आधी चुंबक नळीला बाहेरून लावून दाखवलं, चिकटत नाही. तांबं चुंबकाला दाद देत नाही, हे सगळ्यांना माहीत. मग नळी उभी धरून तेच चुंबक वरून आत सोडलं. साधा खडा अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येतो. चुंबक मात्र येईना. मनात पाच मोजून झाले तेव्हा कुठे ते सावकाश, लिफ्टमधून उतरल्यासारखं खाली तळहातावर आलं. पण हे पाहिलं किती जणांनी? माइक पोडियमला बांधलेला. वक्ते टेबलाजवळ गेले की आवाज बंद, पोडियमपाशी आले की प्रयोग बंद. व्हिडिओवाल्याचा हॅलोजन त्यांच्या डोळ्यांवर. मागच्या रांगा नुसत्या पाठी बघत होत्या.

पुढे बसलेला एक मुलगा, सातवी-आठवीतला असेल, हात वर न करताच ओरडला, “नळी प्लॅस्टिकची घेतली तर?” वक्त्यांचा चेहरा असा खुलला! सगळ्या व्याख्यानाचं सार त्या प्रश्नात होतं. प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, तांब्यातून वाहते. पडणाऱ्या चुंबकामुळे नळीच्या अंगात विजेचे भोवरे उठतात, आणि ते भोवरे चुंबकाला धरून ठेवतात. घरोघरच्या जुन्या विजेच्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची ना, तिचा वेग काबूत ठेवणारा ब्रेक याच तत्त्वावर चालायचा. हे सगळं त्या पोराने एका वाक्यात ओढून आणलं होतं. तेवढ्यात चिटणीस म्हणाले, “प्रश्न शेवटी.” आणि शेवटी म्हणाले, “वेळेअभावी.”

मला राग त्या चिटणिसांचा नाही, ते बिचारे सभागृहाचं भाडं बघत होते. राग आहे तो कार्यक्रमाच्या घडणीचा. गाण्याच्या मैफलीत आपण असं करतो का? उस्ताद अमीर खाँ साहेबांचं हे गाव. त्यांचा अतिविलंबित ख्याल, एकेक मात्रा लांबवत जाणारा, तो ऐकायला इथली माणसं बसत होती, आजही त्यांच्या घराण्याचं गाणं ऐकायला बसतात. त्या गायकाला ग्रीनरूममध्ये जाऊन कोणी म्हणत नाही की बुवा, जरा सोपं गा. ऐकणारा आपल्या कुवतीने घेतो, जे सुटतं ते पुढच्या वेळी पकडतो. हा विश्वास आपण गवयावर आणि श्रोत्यावर टाकतो. भौतिकशास्त्राची वेळ आली की दोघांवरूनही काढून घेतो.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकारांनी विज्ञानासाठी एक सभा काढली, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. तिथे फादर लाफाँ प्रयोग करून दाखवत आणि गावातले लोक ऐकायला येत. सरकारांची इच्छा होती की तिथे संशोधनही व्हावं, पण त्यांच्या हयातीत ते फारसं जमलं नाही, आणि ते त्या दुःखातच गेले. १९०७ साली अर्थखात्यातला एक तरुण अधिकारी बोबाजार रस्त्यावरची ती पाटी वाचून आत शिरला. नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ तिथल्या उपकरणांवर काम करू लागला. त्याचं नाव चंद्रशेखर वेंकट रामन. १९२८ च्या २८ फेब्रुवारीचा तो शोध तिथलाच, ज्याच्या नावाने आपण आता विज्ञान दिन पाळतो. आधी व्याख्यानांसाठी बाकं टाकली होती, उपकरणं होती, दार उघडं होतं, म्हणून शिरता आलं. मंडळाने शास्त्रज्ञ घडवावेत असं मी म्हणत नाही. दार उघडं ठेवा म्हणते.

आता तुम्ही विचाराल, एका संध्याकाळी दाखवायचं तरी काय? मला विचाराल तर एक केस.

लेसर पॉइंटर घ्यायचा, बाजारात मिळतो तो लाल. टेबलाला चिमट्याने पक्का बसवायचा, तोंड भिंतीकडे. (प्रेक्षकांकडे कधीही नाही, आणि पोरांच्या हातात तर मुळीच नाही.) पहिल्या रांगेतल्या एखाद्या आजींकडून एक केस मागून घ्यायचा आणि तो प्रकाशाच्या वाटेत उभा चिकटवायचा. दिवे घालवायचे. पाच मीटरवरच्या भिंतीवर केसाची सावली पडेल असं सगळ्यांना वाटतं. पडते ती एक आडवी लाल रेघ, ठिपक्याठिपक्यांनी तुटलेली, दोन्ही बाजूंना लांबवर गेलेली. मधला रुंद ठिपका सोडून, शेजारशेजारच्या दोन काळ्या जागांमधलं अंतर शिंप्याच्या टेपने मोजायचं. समजा साडेचार सेंटिमीटर आलं. लाल लेसरच्या प्रकाशाची तरंगलांबी ०.६५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिला पाच मीटरने गुणायचं, साडेचार सेंटिमीटरने भागायचं. उत्तर सुमारे ७२ मायक्रॉन, ही आजींच्या केसाची जाडी. मायक्रोस्कोप नाही, स्क्रू गेज नाही. बाळाचं जावळ लावलं तर काळ्या जागा आणखी लांब लांब जातात, कारण केस बारीक असेल तेवढा प्रकाश जास्त पसरतो. हे सभागृहाला आधी विचारायचं आणि हात वर करून घ्यायचे. बहुतेक जण चुकीच्या बाजूने हात वर करतात, मी कॉलेजात हे पुष्कळ पाहिलं आहे.

इथून पुढे वक्त्याने कुठेही जावं. केसाच्या जागी स्फटिकातले अणू आले, तर त्यांच्यातली अंतरं लाल प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा हजारो पटींनी लहान, म्हणून क्ष-किरण लागतात. इंडस-२ मधून नेमके तेच बाहेर काढतात आणि प्रथिनांच्या स्फटिकांवर टाकून त्यांची घडण शोधतात. भिंतीवरच्या ठिपक्यांवरून केस ओळखला, तसं तिथल्या ठिपक्यांवरून रेणू ओळखायचा.

किंवा दुसऱ्या वाटेने लायगोकडे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्राकडे, जावं. तिथे लेसरच्या किरणाचे दोन भाग करून ते काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या बोगद्यांतून पाठवतात, परत आणतात आणि एकमेकांवर टाकतात. एक बोगदा दुसऱ्यापेक्षा जरा जरी लांबला, तर उजेड-काळोखाचा खेळ बदलतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगोंत हा बदल नोंदला गेला. लांबीतला फरक होता प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. इथे सभागृह पुन्हा अबब म्हणणार, आणि इथेच वक्त्याने थांबून विचारावं, बाहेरून एखादा ट्रक गेला नसेल कशावरून? उत्तर असं की दोन्ही यंत्रांत ३ हजार किलोमीटरचं अंतर होतं आणि तीच थरथर दोघांनी सुमारे ७ मिलिसेकंदांच्या फरकाने टिपली. एकच ट्रक इकडून तिकडे एवढ्यात पोचत नाही, गुरुत्वीय लहर पोचते. दोनच यंत्रं असली की लहर नेमकी कुठून आली ते नीट कळत नाही, म्हणून दूरवर आणखी यंत्रं हवीत. त्यातलं एक आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे, केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्याला अंतिम मंजुरी दिली. आणि ते उभारणाऱ्या संस्थांत आपलं कॅट आहे. हिंगोली-परभणीकडचे नातलग असलेली किती घरं इंदुरात आहेत, त्यांना हे अजून कोणी मराठीत सांगितलेलं नाही.

एक भीती तुमच्यापैकी काहींनी मला बोलून दाखवली आहे. श्रोत्यांतून कोणीतरी उठतं आणि म्हणतं, “हे सगळं आपल्या ग्रंथांत आधीच होतं.” मग वाद, मग पेपरात पत्रं. अहो, उठू द्या की. आपल्या मागणीत त्याचंही उत्तर आहे. वक्त्याने शांतपणे विचारावं, काय होतं, कुठे होतं, आणि ते कशावरून ठरवलं होतं? उज्जैनीची वेधशाळा तासाभरावर आहे. सवाई जयसिंगाने बांधलेली आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी १९२३ साली दुरुस्त केलेली. गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा मराठी ज्योतिर्गणिती तिथे अधीक्षक होता. वेध घेतल्याशिवाय पंचांगाला हात लावायचा नाही ही परंपरा आपल्या दारातच आहे, तिचं नाव घेऊन विचारलं तर कोणाला वाईट वाटायचं कारण नाही.

प्रश्नांसाठी मात्र वेळ राखूनच ठेवा, निदान अर्धा तास. जे उभं राहून बोलायला लाजतात त्यांच्याकडून चिठ्ठ्या घ्या. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करीन. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आपल्या गावातही श्रद्धांजलीच्या सभा झाल्या, हार घातले, गोष्टी सांगितल्या. त्या सभांत एकाही मुलाकडून प्रश्न लिहून घेतला गेल्याचं मी पाहिलं नाही.

बाकी किरकोळ. कॉलर माइक द्या. टेबल स्टेजच्या पुढच्या कडेला आणा, आणि शक्य असेल तर मोबाइलचा कॅमेरा त्यावर रोखून पडद्यावर मोठं दाखवा. एक्स्टेन्शन बोर्ड आधी तपासा. दिवे घालवणारा माणूस स्विचपाशीच बसवा, चहाला पाठवू नका. सत्कार शेवटी करा, तोपर्यंत निम्मे लोक गेलेले असतील तर तेही बरंच. मुलं पुढे सतरंजीवर.

आणि सभागृहाचंच भाडं परवडत नसेल, तर त्याच्याशिवाय होणारी एक गोष्ट सुचवते. कर्कवृत्त उज्जैनच्या पलीकडून जातं, म्हणजे आपण त्याच्या दक्षिणेला. त्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडातच जाते. जुलैतला दिवस ढगांत जातो, पण ६-७ जूनच्या आसपासचा बहुधा मिळतो, साडेबाराच्या जरा आधी. शाळांना सुट्टी असते. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे सावली कधीच नाहीशी होत नाही. त्याच दिवशी तिथल्या मध्यान्हीला, म्हणजे आपल्या नऊएक मिनिटं आधी, एक मीटरच्या काठीची सावली सुमारे ६ सेंटिमीटर भरायला हवी. त्यावरून साडेतीन अंशांचा कोन निघतो. दोन शहरांमधलं दक्षिणोत्तर अंतर सुमारे ३९० किलोमीटर. साडेतीन अंशांना ३९०, तर ३६० अंशांना किती? पृथ्वीचा घेर, ४० हजारांच्या जवळपास. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हेच केलं होतं. रस्त्याचं अंतर यात चालणार नाही, का चालणार नाही यावरच अर्धा तास रंगेल. सूर्य ठिपका नसून तबकडी असल्यामुळे सावलीची कड पुसट येते, आणि मोजताना तीन मिलिमीटर चुकलो तर उत्तर दोन हजार किलोमीटरने हलतं. तेव्हा काठी ओळंब्याने सरळ केलेली हवी आणि मोजणारे निदान तिघे.

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना या पत्राची प्रत पाठवते आहे. इंदूरची काठी आणि ओळंबा माझ्याकडे आहे, तांब्याची नळी आणि चुंबकही. गच्ची कोणाची घ्यायची आणि ग्वाल्हेरशी फोनवर कोण बोलणार, तेवढं तुमच्या बैठकीत ठरवून कळवा.

आपली,
राजेंद्रनगरातली एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक